स्पूल फाइलमधली प्रिंटरची चिन्हं काढताना आकडे बिघडतात त्याचं काय करायचं

जुन्या डॉसच्या किंवा युनिक्सच्या हिशोबाच्या प्रोग्रॅममधून प्रिंटरला जाणारी फाइल, म्हणजे स्पूल फाइल, पकडायची आणि ती टेक्स्ट, एक्सेल नाहीतर पीडीएफ करायची, हे काम मी पतसंस्था, अडतीची दुकानं आणि छोटे कारखाने यांच्यासाठी बरीच वर्षं करतोय, आणि अडचण दर वेळी तीच असते. रिपोर्टमध्ये प्रिंटरला दिलेल्या सूचना मिसळलेल्या असतात आणि त्या अर्ध्यामुर्ध्या काढल्या की घोटाळा सुरू होतो. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं आहे ते ओळखा, मग खाली या.

लक्षणं

फाइल उघडली की ओळीच्या सुरुवातीला चौकोन किंवा डावा बाण ← दिसतो, जुन्या डॉस एडिटरमध्ये उघडली तर ♀ ☼ ↕ असली चित्रं. फाइल म्हणजे ० ते २५५ नंबरच्या बाइटची रांग, साधारण एका अक्षराला एक बाइट. ही चित्रं म्हणजे बाराव्या, पंधराव्या, अठराव्या नंबरचे बाइट आहेत, डॉसमध्ये त्यांना अशी चित्रं आहेत एवढंच. १२ म्हणजे पान बदल, १५ म्हणजे बारीक अक्षर चालू, १८ म्हणजे बारीक अक्षर बंद, आणि २७, म्हणजे तो डावा बाण, म्हणजे एस्केप, म्हणजे "पुढे येतंय ती सूचना आहे, छापू नकोस".

चौकोन काढून टाकले तरी शीर्षकाच्या पुढेमागे एखादं सुटं इंग्रजी ई, एफ, जी, एच उरतं. फाइलच्या अगदी सुरुवातीला @ किंवा "सीएच" अशी दोन अक्षरं दिसतात.

एक्सेलमध्ये ठरावीक रुंदीने कॉलम पाडले तर बाकी ओळी नीट पडतात, पण शीर्षक आणि बेरजेच्या ओळी दोन-तीन घरं उजवीकडे सरकतात आणि रक्कम मधोमध कापली जाते.

बेरजेची रक्कम उणे होते, किंवा तिच्या पुढे एक आकडा वाढतो. ही सगळ्यात वाईट.

काही ओळी दोनदा येतात. प्रत्येक पानाची पहिली ओळ १ ने सुरू होते, मधल्या काही ओळी ० ने किंवा वजाबाकीच्या चिन्हाने. आडव्या रेघांच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेली इंग्रजी ए ओळीने छापलेली दिसते. पहिलं पान कोरं येतं. किंवा फाइल मध्येच संपते, जून महिना अर्ध्यावर तुटतो.

यातलं एक जरी दिसलं तरी आधी मूळ फाइलची कॉपी करा, मूळ फाइल रीड-ओन्ली करा आणि पुढचं सगळं कॉपीवरच करा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या केसमध्ये कुणीतरी मूळ फाइलवरच फाइंड-रिप्लेस मारून सेव्ह केलेलं असतं आणि मग काय काढलं गेलं ते कळायला मार्ग राहत नाही.

१. प्रोग्रॅमलाच चिन्हं न घालायला सांगता येतं का ते बघा

पाच मिनिटांचं काम, पैसे शून्य. मूळ प्रोग्रॅम अजून चालू होत असेल तर रिपोर्ट काढताना "प्रिंटर / स्क्रीन / फाइल" असा पर्याय असतो का ते बघा. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये फाइलला पाठवलं की कोड लागतच नाहीत, सरळ मजकूर येतो. तसा पर्याय नसेल तर प्रिंटर सेटिंगचा स्क्रीन शोधा, तिथे बोल्ड चालू, बोल्ड बंद, बारीक चालू, बारीक बंद असे रकाने असतात आणि त्यात आकडे भरलेले असतात. फॉक्सप्रोमध्ये केलेल्या प्रोग्रॅममध्ये हे बहुतेकदा एका छोट्या डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या माहितीच्या फाइलमध्ये, असतं. त्याची कॉपी ठेवा, एक नवीन प्रिंटर "साधा" नावाने तयार करा, सगळे रकाने रिकामे ठेवा आणि रिपोर्ट परत काढा. जे चिन्ह फाइलमध्ये आलंच नाही ते काढताना चूक व्हायचा प्रश्नच येत नाही, म्हणून ही पायरी पहिली.

इथे एक गैरसमज कायम बघतो. लोक विंडोजमध्ये "जेनेरिक टेक्स्ट ओन्ली" प्रिंटर टाकतात आणि कोड जातील म्हणून वाट बघतात. विंडोजच्या प्रोग्रॅमसाठी तो चालतो, कारण तिथे ड्रायव्हर पान तयार करतो. डॉसचा प्रोग्रॅम थेट पोर्टवर बाइट लिहितो, ड्रायव्हर मध्ये येतच नाही, त्यामुळे कोड जसेच्या तसे राहतात.

आयबीएमच्या एएस/४०० या मशीनवरून स्पूल फाइल घेत असाल तर कॉपी स्पूल फाइल कमांडमध्ये कंट्रोल कॅरॅक्टरचा, म्हणजे याच प्रिंटरच्या चिन्हांचा, पॅरामीटर असतो. "स्टार नन" दिलं तर कोड येत नाहीत. "स्टार एफसीएफसी" दिलं तर प्रत्येक ओळीच्या पहिल्या घरात एक कोड येतो, म्हणजे १३२ कॉलमच्या रिपोर्टला १३३ लांबीची फाइल लागते. "स्टार पीआरटीसीटीएल" दिलं तर पुढची चार घरं जातात, फाइल १३६ ची लागते. कुणीतरी १३२ चीच फाइल केलेली असते आणि मग उजवीकडचा पैशाचा शेवटचा आकडा गायब होतो, आणि लोक शोधत बसतात डावीकडे.

२. पहिले वीस बाइट बघा आणि फाइलची जात ओळखा

हेही फुकट. नोटपॅड प्लस प्लसमध्ये सगळी चिन्हं दाखवा हा पर्याय चालू केला की काळ्या चौकटीत ईएससी, एफएफ, एसआय अशी नावं दिसतात. हेक्स, म्हणजे प्रत्येक बाइटचा नंबर, दाखवणारा कुठलाही प्रोग्रॅम असेल तर आणखी बरं. जात ओळखल्याशिवाय काहीही काढू नका, कारण तेच दोन बाइट वेगवेगळ्या प्रिंटरला वेगवेगळं सांगतात. २७ आणि पाठोपाठ ६९ हे एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सला "बोल्ड चालू" आहे आणि एचपीच्या लेझरच्या पीसीएल भाषेत "प्रिंटर रिसेट" आहे.

फाइल २७, ६४ ने सुरू होत असेल, किंवा पहिल्या काही बाइटमध्ये १५, १८, २७-६७ दिसत असेल, तर डॉट मॅट्रिक्स, एप्सनची पद्धत. आपल्याकडचे बहुतेक १३२ कॉलमचे प्रिंटर हीच भाषा समजायचे, नाव कुणाचंही असो.

२७ नंतर टक्क्याचं चिन्ह, मग -१२३४५ असं दिसलं तर लेझरची फाइल. तिथे सूचना २७ ने सुरू होते आणि मोठ्या इंग्रजी अक्षरापाशी संपते, मध्ये आकडे आणि छोटी अक्षरं कितीही असू शकतात, त्यामुळे "२७ आणि पुढचे दोन बाइट काढ" असला हिशोब तिथे चालत नाही. ही फाइल हाताने साफ करायच्या फंदात पडू नका, घोस्टपीसीएल नावाचा प्रोग्रॅम तिचं थेट पीडीएफ करतो.

सुरुवातीला टक्का आणि उद्गारचिन्ह असेल तर पोस्टस्क्रिप्ट, ही लेझर प्रिंटरची आणखी एक भाषा, तिला घोस्टस्क्रिप्ट नावाचा प्रोग्रॅम.

२७ कुठेच नाही पण प्रत्येक ओळीचं पहिलं घर फक्त रिकामं, १, ०, -, + एवढ्यातलंच असेल तर मोठ्या मशीनवरची जुनी पद्धत, ती पुढे पाचव्या मुद्द्यात.

आणि सगळीकडे @ @ @ दिसत असेल, आकड्यांच्या जागी डोक्यावर खुणा असलेली युरोपातली अक्षरं असतील, तर कंट्रोल कॅरॅक्टरचा प्रश्नच नाही. फाइल एबसिडिकमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर द्यायच्या आयबीएमच्या वेगळ्या पद्धतीत, आहे आणि एफटीपीने बायनरी मोडमध्ये, म्हणजे नंबर न बदलता, आणलीय. एबसिडिकमधली मोकळी जागा ६४ नंबरची आणि आपल्या नेहमीच्या आस्की पद्धतीत ६४ म्हणजे @, म्हणून हा @ चा सडा. परत टेक्स्ट मोडमध्ये आणा, झालं.

३. रेघा आणि मराठी: कोडपेज

ही पायरी मी मुद्दाम काढाकाढीच्या आधी ठेवतो, कारण "१२७ च्या वरचे सगळे बाइट उडव" हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि त्याने मराठी रिपोर्टचा जीव जातो.

डॉसमध्ये चौकटीच्या रेघा साध्या बाइटने काढायचे, आडवी रेघ १९६, उभी रेघ १७९. हे डॉसच्या ४३७ कोडपेजमध्ये, कोडपेज म्हणजे कुठल्या बाइटला कुठलं अक्षर याचा तक्ता. विंडोजने त्याच बाइटला वेगळी अक्षरं दिलीत, म्हणून टिंबवाली ए दिसते. फाइल उघडताना एन्कोडिंग ४३७ निवडा, रेघा जागेवर येतात. काही काढायचं नाही.

पण रिपोर्ट मराठी असेल, म्हणजे पुण्याच्या सी-डॅकचं भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड किंवा टर्मिनल वापरून नावं टाकलेली असतील, तर ते इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांना नंबर द्यायच्या मानकात, असतं. १९९१ च्या मानकात सगळी देवनागरी अक्षरं १६१ पासून वर आहेत. तिथे १७९ म्हणजे क आणि १९६ म्हणजे द. म्हणजे एकाच बाइटला एका फाइलमध्ये उभी रेघ म्हणायचं आणि दुसऱ्या फाइलमध्ये क. एका खातेदार यादीत मला सगळ्या ओळी नावाशिवाय आल्या होत्या, खाते नंबर आणि रक्कम एकदम स्वच्छ, नावाचा रकाना कोरा, कारण आधीच्या माणसाने १२७ च्या वरचं सगळं "कचरा" म्हणून काढलं होतं आणि मूळ फाइल ठेवली नव्हती. ती यादी परत मिळवायला जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायला लागली.

इस्की असेल तर विंडोजमध्ये ५७००२ नंबरचं कोडपेज देवनागरी इस्कीचं आहे, त्यातून युनिकोड करता येतं. २३९ नंबरचा बाइट दिसला तर तो लिपी किंवा अक्षराचा प्रकार बदलायची इस्कीची स्वतःची सूचना आहे, त्याच्या पुढचा एक बाइट त्याचाच भाग असतो, दोन्ही एकत्र हाताळायचे.

४. फक्त एस्केप काढू नका

आता मुख्य गोष्ट. नव्वद टक्के लोक काय करतात, तर २७ शोधतात आणि रिकाम्याने बदलतात, किंवा एक्सेलमध्ये क्लीन फंक्शन मारतात. क्लीन फक्त ० ते ३१ नंबरचे बाइट काढतं. चौकोन जातात, स्क्रीन स्वच्छ दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण सूचना म्हणजे नुसता २७ नाही. २७ हा फक्त सुरुवातीचा बाइट, खरी सूचना त्याच्या पुढच्या एक-दोन बाइटमध्ये असते आणि ते बाइट साधी अक्षरं किंवा आकडे असतात, ते क्लीनला दिसतच नाहीत.

एका पतसंस्थेच्या ठेव शिल्लक यादीचं उदाहरण देतो. शाखेची बेरीज ४५,२३०.०० होती आणि प्रोग्रॅम बेरजेखाली रेघ ओढायचा. अधोरेखित चालू करायची सूचना २७, ४५, ४९. यातला ४५ म्हणजे वजाबाकीचं चिन्ह, ४९ म्हणजे आकडा १. बंद करायची सूचना पुढच्या ओळीच्या सुरुवातीला होती. २७ काढला आणि उरलं काय, तर -१४५,२३०.००. एक्सेलने ती व्यवस्थित उणे रक्कम म्हणून घेतली, लाल रंगात. पंचेचाळीस हजार जमा असलेल्या शाखेची एक लाख पंचेचाळीस हजार नावे बाकी झाली. बंद करायची सूचना खालच्या ओळीत -० म्हणून राहिली, ती ओळ रिकामी होती म्हणून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. लेखापरीक्षकांनी तेरीज जुळवताना विचारलं तेव्हा शोध लागला, आणि तो दिवस त्या क्लार्क मॅडमना जे ऐकून घ्यावं लागलं ते मी समोर बसून ऐकलंय. त्यांची काहीच चूक नव्हती.

म्हणून चौकोन दिसतोय तोपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात असं मी मानतो, फाइल साफ नाही हे निदान डोळ्याला कळतं. चौकोन गेला आणि मागचा आकडा राहिला की काही कळत नाही.

उरलेली अक्षरं ओळखायला ही यादी पुरते, एप्सनच्या पद्धतीची:

२७-६४ रिसेट, मागे @ उरतं. २७-६९ आणि २७-७० बोल्ड चालू-बंद, मागे ई आणि एफ. २७-७१ आणि २७-७२ दुहेरी ठोका चालू-बंद, मागे जी आणि एच. २७-८० दहा अक्षरं इंचाला, मागे पी. २७-७७ बारा अक्षरं इंचाला, मागे एम. २७-४८ आणि २७-५० ओळींमधलं अंतर, मागे ० आणि २, आणि हे दोन आकडे खाते नंबरच्या पुढे लागले तर ओळखू येत नाहीत. यांच्यापुढे काही येत नाही, दोन बाइटची पूर्ण सूचना.

ज्यांच्यापुढे आणखी एक बाइट असतो त्या: २७-४५ अधोरेखित, २७-८७ दुप्पट रुंद, २७-५१ ओळीचं अंतर, २७-७४ कागद पुढे सरकवा, २७-३३ एकत्र सेटिंग, २७-७८ फाडायच्या जागेवरून उडी, २७-१०८ डावा समास, २७-८१ उजवा समास, २७-१२० छपाईचा दर्जा. यातल्या चालू-बंदच्या सूचनांत, म्हणजे अधोरेखित किंवा दुप्पट रुंद, हा तिसरा बाइट कधी खरा १ असतो तर कधी ४९ म्हणजे छापता येणारा १, प्रिंटर दोन्ही चालवून घेतो. म्हणून एकाच संस्थेच्या दोन रिपोर्टमध्ये एकात चौकोन उरतो आणि दुसऱ्यात आकडा.

पानाच्या लांबीची सूचना, २७-६७, वेगळी लक्षात ठेवा. २७-६७-७२ म्हणजे ७२ ओळींचं पान, बारा इंची कागद आणि इंचाला सहा ओळी. ७२ म्हणजे इंग्रजी एच, म्हणून फाइलच्या डोक्यावर "सीएच". अकरा इंची कागद असेल तर ६६, म्हणजे "सीबी". पण लांबी इंचात दिली असेल तर २७-६७-०-१२ असं असतं, चार बाइट, आणि शेवटचा १२ हा बारा इंच आहे, पान बदल नाही. तुमच्या प्रोग्रॅमने त्याला पान बदल समजलं की पहिलं पान कोरं. कोऱ्या पहिल्या पानाचं हे कारण मला इतक्या वेळा सापडलंय की आता मी फाइल न उघडताच विचारतो, कागद बारा इंची होता का.

सुटे बाइट, म्हणजे २७ शिवायचे: १५ आणि १८ बारीक अक्षर, १४ दुप्पट रुंद आणि २० ते बंद. १४ ओळ संपली की आपोआप बंद होतो, त्यामुळे प्रत्येक १४ ला २० सापडलाच पाहिजे असं नाही, जोडी शोधत बसू नका. हे सुटे मात्र नुसते काढले तरी चालतात, मागे काही राहत नाही.

५. पहिल्या घरातले १, ०, -, +

मोठ्या मशीनवरून आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीचं पहिलं घर प्रिंटरचं असतं. रिकामं म्हणजे एक ओळ पुढे, ० म्हणजे दोन, - म्हणजे तीन, १ म्हणजे नवीन पान, + म्हणजे कागद न सरकवता मागच्याच ओळीवर छाप. इथे एकही चौकोन दिसत नाही, सगळी नेहमीची चिन्हं, म्हणून लोकांना वाटतं फाइल चांगली आहे. आणि रिपोर्ट डावीकडच्या काठापासून सुरू होत असेल तर खाते नंबर ४५२ चा १४५२ होतो, तोही फक्त प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत.

तपासायला सोपं आहे. पहिल्या घरात आलेली वेगवेगळी चिन्हं मोजा. पाचच प्रकार निघाले आणि १ ची संख्या पानांच्या संख्येएवढी आली, तर शंकाच नको. पहिलं घर पूर्ण कापायचं, पण कापायच्या आधी + असलेल्या ओळींचा निकाल लावायचा.

६. दोनदा आलेल्या ओळी

जुने प्रोग्रॅम बोल्डसाठी तीच ओळ दोनदा छापायचे. प्रिंटरचं डोकं डावीकडे परत न्यायचं, कागद सरकवायचा नाही, परत ठोकायचं. १३ म्हणजे डोकं डावीकडे न्या, १० म्हणजे कागद एक ओळ सरकवा, त्यामुळे डॉसच्या फाइलमध्ये हे सुट्या १३ ने दिसतं, ज्याच्या लगेच पुढे १० नाही. वरच्या पद्धतीत + ने. टेक्स्ट केलं की दोन स्वतंत्र ओळी होतात. एएस/४०० वर "स्टार नन" दिलं तरी हीच अडचण येते, चिन्ह जातं आणि ओळ मात्र दोनदा राहते, आता ती का आली याचा पुरावाही गेला.

किर्दीची दिवसाची बेरीज बोल्ड असेल तर एक्सेलमध्ये दिवसाच्या बेरजांची बेरीज बरोब्बर दुप्पट येते. बरोब्बर दुप्पट आली तर दुसरं काही शोधू नका. पण डोळे झाकून "सारख्या ओळी काढा" मारू नका, कारण किर्दीत खरोखरच सारख्या दोन ओळी असू शकतात, एकाच दिवशी एकाच खात्यात पाचशे-पाचशेच्या दोन पावत्या होतातच की. सुटा १३ किंवा + असेल तरच दुसरी ओळ पहिलीवर बसवायची. बसवताना घर-घर बघायचं, वरच्यात रिकामं आणि खालच्यात अक्षर असेल तर अक्षर घ्यायचं, कारण काही प्रोग्रॅम दुसऱ्या ठोक्यात फक्त अंडरस्कोअरच्या रेघा छापतात. तसं असेल तर मजकूर ठेवायचा, रेघ सोडायची.

७. मध्येच संपणारी फाइल

२६ नंबरचा बाइट डॉसच्या लेखी फाइलचा शेवट. महिन्यांच्या फाइली कॉपी कमांडने अधिक चिन्ह घालून जोडल्या असतील तर ती टेक्स्ट पद्धतीने जोडते आणि प्रत्येक फाइलमध्ये पहिल्या २६ पाशी थांबते. हा २६ शेवटी असेल तर ठीक, पण ओळीच्या अंतराच्या सूचनेत तिसरा बाइट म्हणून २६ आला तर मजकूर तिथेच तुटतो. कॉपीला स्लॅश बी द्या, मग ती सगळे बाइट घेते. जोडण्याआधी फाइलींच्या साइझची बेरीज आणि जोडल्यावरची साइझ जुळली पाहिजे, एका बाइटचाही फरक चालणार नाही.

८. आता स्क्रिप्ट

इथपर्यंत जात कळली, कोडपेज कळलं, दोनदा छापणं कळलं, की मगच साफ करायची स्क्रिप्ट लिहायची. पायथन येणाऱ्या माणसाला अर्ध्या दिवसाचं काम. फाइल बायनरी म्हणून उघडा, टेक्स्ट म्हणून नाही, नाहीतर उघडतानाच १३ आणि १० चे अर्थ बदलतात. एकेक बाइट वाचत जा. २७ आला की पुढचा बाइट वरच्या यादीत बघा, त्याला किती शेपूट आहे तेवढं सोडा आणि पुढे जा. यादीत नसलेला बाइट आला तर स्क्रिप्टने तिथेच थांबून जागा छापली पाहिजे. अंदाजाने दोन बाइट सोडून पुढे जाणारी स्क्रिप्ट लिहू नका, ती सत्तर पानं नीट करते आणि एकाहत्तराव्या पानावर रकमेचा पहिला आकडा खाते, आणि ते कुणालाच दिसत नाही.

१२ ला पान बदल म्हणूनच ठेवा, लगेच काढू नका. साफ झाल्यावर १२ मोजा आणि छापील रिपोर्टच्या पानांशी ताडून बघा.

मग बेरीज. प्रत्येक पानाचा तपशील स्वतः बेरजेला लावा आणि रिपोर्टमध्ये छापलेल्या बेरजेशी जुळवा, सगळ्या पानांसाठी, नमुन्यादाखल नाही. पुढे ओढलेली शिल्लक, त्या पानाची जमा, नावे, आणि शेवटची शिल्लक. हे जुळलं नाही तर फाइल कुणालाही द्यायची नाही. खातेदाराची आयुष्यभराची ठेव त्या एका ओळीत असते.

फक्त पीडीएफ हवं असेल तर

मग काढाकाढी करूच नका. कोड राहू द्या आणि प्रिंटरसारखं वागणारा प्रोग्रॅम वापरा. नव्या कॉम्प्युटरवर डॉस चालवणाऱ्या डॉसबॉक्स-एक्स या प्रोग्रॅममध्ये एप्सनसारखा प्रिंटर दिलेला आहे, तो पान जसं कागदावर आलं असतं तसं तयार करतो. टेक्स्टवरून पीडीएफ करणार असाल तर हिशोब असा: १३२ कॉलम ए-फोर उभ्या पानावर बसवायचे तर कुरियर ७ पॉइंट, समास जेमतेम पाव इंच. आडव्या पानावर ९ पॉइंटमध्ये रुंदी आरामात बसते पण ७२ ओळी बसत नाहीत, पान दोन तुकड्यांत जातं. अक्षरं सारख्या रुंदीचीच हवीत, एरियल लावलं की सगळे रकाने वाकडे.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फाइलमध्ये २७-४२ किंवा २७-७५ वारंवार दिसत असेल आणि इंग्रजी आकड्यांशिवाय वाचता येणारा मजकूरच नसेल, तर प्रोग्रॅमने मराठी अक्षरं टिंबांची चित्रं म्हणून पाठवलीत. त्यात अक्षर नावाची गोष्टच नाही, त्यामुळे काढून काही मिळणार नाही. आधी डेटाबेसमधून थेट माहिती काढता येते का ते बघणारा माणूस शोधा.

विंडोजच्या स्पूल फोल्डरमधली एसपीएल फाइल असेल आणि आत ईएमएफ असेल, तर त्या विंडोजच्या पान रेखाटायच्या सूचना आहेत, सरळ मजकूर नाही, वरची पद्धत तिथे चालत नाही.

मूळ मशीनची डिस्क आवाज करत असेल किंवा फाइल एकदा वाचली जाते आणि एकदा नाही, तर लगेच मशीन बंद करा. परत परत चालू करून बघू नका. आधी डिस्कची पूर्ण कॉपी काढणाऱ्याकडे द्या, कंट्रोल कॅरॅक्टर नंतर.

दोन वेळा सगळं करूनही एखाद्या पानाची बेरीज जुळत नसेल तर हाताने आकडा दुरुस्त करू नका, कितीही उघड वाटत असला तरी. संस्थेच्या लेखापरीक्षकाला पान दाखवा, छापील प्रत असेल तर ती समोर ठेवा. कधीकधी मूळ रिपोर्टच चुकलेला असतो आणि ते ठरवायचा अधिकार आपला नाही.

आणि ऑनलाइन फुकट कन्व्हर्टरवर खातेदारांची यादी चढवू नका. नाव, पत्ता, शिल्लक सगळं त्या फाइलमध्ये आहे, तुमचं नाही, लोकांचं आहे. घाईत असाल तर नाव आणि रक्कम बदलून दहा ओळींचा नमुना करा, कोड तसेच ठेवा, आणि तो दाखवून मदत मागा. मला कुणी फाइल पाठवतो म्हणाला तर मीही आधी तेच मागतो: पहिले दोनशे बाइट हेक्समध्ये, एक बेरजेची ओळ, आणि कागद किती इंची होता.